आजोबांचा पास, साहेबाचा शेअर

रेल्वेचे जुने शेअर, बाँड, तिकिटं, पास जमवणारे लोक जगभर आहेत. आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत हा खजिना माळ्यावर पडलाय. बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जायच्या आत एकदा ट्रंक उघडा!

आमची डोंबिवलीची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा घर रिकामं करायला पंधरा दिवस मिळाले होते. पंधरा दिवसांत चाळीस वर्षांचा संसार आवरायचा म्हणजे काय होतं, ते ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. पहिले चार दिवस प्रत्येक वस्तू हातात घेऊन "अगं, हे आठवतंय का?" चालतं. पाचव्या दिवसापासून "टाक, टाक, सगळं टाक" सुरू होतं.

माळ्यावरची आजोबांची पत्र्याची ट्रंक निघाली ती बाराव्या दिवशी. आत वरपासून खालपर्यंत कागद. मी वरवर पाहिलं आणि ऑफिसचा कॉल चालू असतानाच रद्दीवाल्याला खूण केली. त्याने अर्धी ट्रंक गोणीत भरली. बाकीची भरण्याआधी त्याच्या टेम्पोला कुणीतरी हॉर्न मारला, तो खाली गेला, आणि आईने झाकण लावून टाकलं. "हे राहू दे. नंतर बघू."

ते 'नंतर' सहा महिन्यांनी आलं, भाड्याच्या घरात, एका पावसाळी रविवारी. उरलेल्या अर्ध्या ट्रंकेत काय होतं? डोंबिवली ते व्ही.टी.चे रबरबँडने बांधलेले पास. बोटभर लांबीची पुठ्ठ्याची तिकिटं, बिस्किटाच्या डब्यात भरलेली. लोकलची दोन टाइमटेबलं. आणि एका खाकी पाकिटात डिव्हिडंडच्या पावत्यांची काही अर्धुकं. म्हणजे आजोबांकडे शेअर होते. शेअर सर्टिफिकेटं मात्र पाकिटात नव्हती.

ती बहुतेक गोणीत होती.

त्या रविवारपासून मला हा नाद लागलाय. सुरुवात अपराधी वाटण्यातून झाली, हे कबूल. पण नंतर कळलं की आपण ज्याला रद्दी म्हणतो, त्याच्यासाठी जगात लिलाव होतात, क्लब आहेत, आणि त्या छंदाला एक भारदस्त नावही आहे!

स्क्रिपोफिली म्हणजे काय रे भाऊ?

तिकिटं जमवणं म्हणजे फिलाटेली, तसं जुने शेअर आणि बाँड जमवणं म्हणजे स्क्रिपोफिली. नाव जुनाट वाटतं, पण ते १९७८ साली इंग्लंडमध्ये तयार झालं. त्याच साली तिकडे बाँड-शेअर जमवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय सोसायटीही निघाली. यातला लाडका विभाग कुठला? रेल्वे! कारण एकोणिसाव्या शतकात पब्लिककडून पैसे गोळा करून जे मोठमोठे उद्योग उभे राहिले, त्यात रेल्वे आघाडीवर होती. रूळ टाकायचे तर आधी कागद छापावे लागत.

आणि काय कागद! अमेरिकन रेल्वे कंपन्यांचे शेअर म्हणजे चित्रंच. वर धूर सोडणारं इंजिन, बाजूला देवीसारख्या बायका, भोवती बारीक नक्षीची चौकट. ती नक्षी नुसती हौस नव्हती, नकली शेअर छापणं कठीण जावं म्हणून ती होती. रशियन रेल्वेचे बाँड एकाच कागदावर तीन-चार भाषांत आणि तितक्याच चलनांत छापलेले असत, कारण कर्ज पॅरिस, लंडन, बर्लिन असं सगळीकडून उचललं जायचं.

बाँडच्या खाली किंवा सोबत छोटी छोटी कुपनं असायची. दर सहा महिन्यांनी एक कापायचं, बँकेत द्यायचं, व्याज घ्यायचं. आता गंमत बघा. रशियात क्रांती झाली आणि १९१८ साली नव्या सरकारने झारच्या काळातलं कर्ज फेडायला साफ नकार दिला. त्यामुळे त्या बाँडांवर त्यापुढची कुपनं आजही न कापलेली सापडतात. कुपनं कुठे थांबली ते पाहायचं, की देश कुठे पलटला ते कळतं. इतिहासाच्या पुस्तकात एवढ्या थोडक्यात कुणी सांगत नाही.

ब्रिटिश कंपन्यांचे शेअर त्यामानाने साधे. मजकूर, नंबर, सह्या, कंपनीचं सील, संपलं. पण आपल्यासाठी सगळ्यात जवळचा कागद त्यांच्यातच आहे. तो बघायला चला ठाण्याला.

ठाणे: पहिली गाडी आली, पण कुणाची?

ठाणे स्टेशनवर संध्याकाळी सात वाजता उभं राहून इतिहासाचा विचार करणं सोपं नाही. मागून धक्का बसतो आणि विचार कल्याण स्लोमध्ये चढतो. म्हणून रविवारी सकाळी जा. तलावपाळीला चक्कर मारा, कुठेतरी मिसळ हाणा आणि मग निवांत प्लॅटफॉर्मवर या.

१६ एप्रिल १८५३. दुपारी साडेतीनच्या सुमारास बोरीबंदरहून २१ तोफांची सलामी घेऊन १४ डब्यांची गाडी सुटली. सुमारे ४०० निमंत्रित पाहुणे, आणि साहिब, सिंध, सुलतान अशी तीन इंजिनं. २१ मैलांचा, म्हणजे ३४ किलोमीटरचा प्रवास करून गाडी आली ती आपल्या ठाण्याला. भारतातली पहिली प्रवासी गाडी. हे आपल्याला शाळेपासून पाठ आहे, ठाणेकरांना तर जरा जास्तच.

पण एक प्रश्न शाळेत कुणी विचारला नव्हता. गाडी कुणाच्या मालकीची होती?

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., ही लंडनची कंपनी. १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने ती स्थापन झाली. आपल्याकडे नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जीजीभॉय यांनी रेल्वेसाठी आधीपासून जोर लावला होता, मुंबईच्या कमिटीत नानांना मानाची जागा होती. पण भांडवल आलं ते मुख्यतः इंग्लंडमधून. आणि ते यावं म्हणून ईस्ट इंडिया कंपनीने जो करार केला, तो आजच्या कुठल्याही फंड मॅनेजरला हेवा वाटेल असा होता. गुंतवलेल्या पैशांवर ५ टक्के व्याजाची गॅरंटी, ९९ वर्षांचा करार. रेल्वेला तेवढा नफा झाला नाही तर? फरक भरायचा हिंदुस्थानच्या महसुलातून!

म्हणजे रिस्क आपली, रिटर्न त्यांचे. दादाभाई नौरोजींसारख्यांनी देशातून वाहून जाणाऱ्या संपत्तीचा हिशेब मांडला, त्यात रेल्वेच्या या व्याजाचाही भाग होता.

आता तो जी.आय.पी.चा शेअर हातात आहे असं समजा. इंग्लंडमधल्या कुठल्यातरी गावातल्या माणसाचं नाव त्यावर शाईने लिहिलेलं. त्या माणसाने ठाणं पाहिलेलं असण्याची शक्यता कमीच. त्याच्यासाठी ठाणं म्हणजे नकाशावरचं 'टॅना' असं नाव आणि वर्षाला ठरलेलं व्याज. आणि त्याच गाडीत थर्ड क्लासने बसलेला आपला माणूस? त्याचं तिकीट गेटवर तिकीट कलेक्टरने काढून घेतलं. त्याच्या हातात काहीच उरलं नाही.

या छंदातली माझ्यासाठी ही सगळ्यात मोठी गोष्ट. रेल्वेचे कागद दोन प्रकारचे. एक मालकाचे, एक प्रवाशाचे. मालकाचे कागद तिजोरीत राहिले, सांभाळले गेले, आज ते लिलावात निघतात. प्रवाशाचे कागद गोळा करून नष्ट करण्यासाठीच छापलेले होते. त्यामुळे जुनं तिकीट आज कुठेही सापडलं, की समजायचं, कुणीतरी ते द्यायचं टाळलं, विसरलं किंवा मुद्दाम लपवून ठेवलं.

आमचे आजोबा कशातले होते, ते मला अजून कळलेलं नाही.

खाडी ओलांडताना

ठाण्याहून कल्याणची गाडी पकडा आणि खिडकी मिळवा (रविवार आहे, मिळेल). पहिल्या गाडीनंतर वर्षभरातच, १ मे १८५४ ला, रेल्वे कल्याणपर्यंत पोचली. त्यासाठी ठाण्याच्या खाडीवर पूल बांधावा लागला, पुढे डोंगर फोडावा लागला. या पुलावरून जाणाऱ्या गाडीचं जुनं चित्र तुम्ही कॅलेंडरवर, मगवर, फ्रिज मॅग्नेटवर कुठे ना कुठे पाहिलेलं असेल. १९१६ साली पारसिकचा बोगदा झाला आणि वळसा वाचला. कित्येक पिढ्यांनी फास्ट लोकलच्या दारात उभं राहून त्या बोगद्यात शिट्ट्या मारल्या. २०२२ मध्ये नवे ट्रॅक आले आणि फास्ट लोकलही मुंब्र्याच्या बाजूने जाऊ लागल्या. म्हणजे १८५४ च्या लोकांनी जो डोंगराकडेचा रस्ता निवडला होता, साधारण त्याच बाजूने आपण पुन्हा जातोय.

या प्रवासाचेही कागद असतात, आणि ते शेअरसारखे महाग नसतात. १९५३ साली रेल्वेला शंभर वर्षं झाली तेव्हा पोस्टाने दोन आण्यांचं तिकीट काढलं. त्यावर १८५३ चं आणि १९५३ चं अशी दोन्ही इंजिनं आहेत. २००३ मध्ये दीडशे वर्षांनिमित्त दोन रुपयांचं नाणं निघालं, हातात कंदील घेतलेला भोलू हत्ती गार्ड त्यावर आहे. हे नाणं तर कदाचित आत्ता तुमच्या गाडीच्या डॅशबोर्डमध्ये, टोलच्या चिल्लरमध्ये पडलेलं असेल. बघा जरा!

कल्याणचे काका आणि तिकिटाची डिटेक्टिव्हगिरी

कल्याणला पारनाक्याच्या बाजूला एक काका राहतात. रेल्वेतून रिटायर झालेत. ओळखीतून ओळख काढून मी बिस्किटाचा डबा घेऊन त्यांच्याकडे गेलो. नाव छापू नकोस म्हणाले, "नाहीतर लोक घरी यायला लागतील". म्हणून नुसतं काका.

काकांनी डबा उघडला, पहिलं तिकीट उचललं, उजेडात धरलं आणि विचारलं, "कधीचं असेल, सांग."

"काका, तारीख पुसलीये."

"तारीख कशाला हवी?"

आणि मग दोन तास क्लास झाला. तो असा.

पहिली खूण कंपनी. कागदावर जी.आय.पी. असेल तर तो ५ नोव्हेंबर १९५१ च्या आधीचा असण्याची शक्यता जास्त, कारण त्या दिवशी जी.आय.पी. आणि काही संस्थानांच्या रेल्वे मिळून मध्य रेल्वे झाली. (अर्थात शिल्लक स्टेशनरी वापरून संपवायची सरकारी सवय लक्षात ठेवायची!)

दुसरी खूण पैसे. भाडं आण्यांत असेल तर १९५७ च्या आधीचं. 'नये पैसे' असं असेल तर १ एप्रिल १९५७ ते १९६४ मधलं, कारण जून १९६४ मध्ये 'नये' गेलं आणि नुसते पैसे राहिले. सात वर्षांचा छोटासा कप्पा, म्हणून अशी तिकिटं काका वेगळी ठेवतात.

तिसरी खूण क्लास. थर्ड क्लास असेल तर १९७४ च्या आधीचं. त्या वर्षी थर्ड क्लासला सेकंड क्लास म्हणायला लागले. बाकडी तीच, गर्दी तीच, प्रमोशन मात्र झालं!

चौथी खूण गावांची नावं. सुरुवातीच्या इंग्रजी कागदांवर ठाण्याचं 'टॅना' आणि कल्याणचं 'कॅलियन' दिसतं, नंतर बरीच वर्षं 'थाना'. बॉम्बेचं मुंबई १९९५ मध्ये झालं. व्हिक्टोरिया टर्मिनसचं छत्रपती शिवाजी टर्मिनस १९९६ मध्ये, आणि त्यात 'महाराज' आलं २०१७ मध्ये. त्यामुळे डोंबिवलीहून तिकडे जाणाऱ्या पासावर व्ही.टी., सी.एस.टी. की सी.एस.एम.टी. आहे, एवढ्यावरून पिढी कळते.

मी म्हटलं, "काका, हे तर आधार कार्डापेक्षा जास्त सांगतंय."

"सांगणारच. हे माणसाने हाताळलेलं आहे."

पुठ्ठ्याच्या तिकिटाची गोष्टही काकांनीच सांगितली. थॉमस एडमंडसन नावाच्या इंग्रज स्टेशनमास्तरला १८३० च्या दशकाच्या शेवटी ही कल्पना सुचली. त्याआधी क्लार्क प्रत्येक प्रवाशाला हाताने तिकीट लिहून द्यायचा. एडमंडसनने साधारण ५७ मिलिमीटर बाय ३० मिलिमीटरचा पुठ्ठा घेतला, त्यावर आधीच स्टेशनं आणि क्रमांक छापून ठेवले, आणि तारीख उठवायला छोटं यंत्र केलं. संध्याकाळी पहिल्या आणि शेवटच्या तिकिटाचा नंबर बघितला की किती विकली ते कळलं, हिशेब जुळला. इतकी साधी युक्ती जगभर शंभर-दीडशे वर्षं चालली. आपल्याकडे तिकीट खिडकीतून येणारा तो 'ठक्' आवाज म्हणजे हेच तारखेचं यंत्र. वयाची चाळिशी गाठलेल्यांना तो अजून ऐकू येतो.

मग कॉम्प्युटरची तिकिटं आली. लाल डब्यात पंच करायची कुपनं आली. कुपनाचं बुकलेट संपत आलं की शेवटच्या पानांवर आपण कसली कसली गणितं करायचो, आठवतंय? ती कुपनंही २०१५ च्या सुमारास गेली. २०१४ च्या अखेरीस मोबाइलवर तिकीट आलं. आणि पुठ्ठ्याची तिकिटं जिथे छापली जायची अशा रेल्वेच्या छापखान्यांपैकी उरलेले पाच, त्यात आपलं भायखळ्याचंही, बंद करायचा निर्णय रेल्वे बोर्डाने २०२३ मध्ये घेतला.

काका त्यावर फार हळहळले नाहीत. "मोबाइल तिकीट चांगलंच आहे रे, लाइन नको. फक्त तुझ्या नातवाच्या डब्यात काय असेल, एवढाच प्रश्न आहे."

जंक्शनवर रस्ते फुटतात

कल्याण म्हणजे जंक्शन. इथून एक रस्ता कसाऱ्याकडे जातो, दुसरा कर्जतकडे. भोर घाटाचा मार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला, थळ घाटाचा १८६५ मध्ये. कल्याणला रेल्वे आली आणि दहा वर्षांत, १८६४ साली, सार्वजनिक वाचनालयही उभं राहिलं, ते आजही आहे. रूळ आणि वाचन दोन्ही इतकं जुनं असलेली गावं फार नाहीत, हे कल्याणकर फारसं सांगत नाहीत. ठाणेकर असते तर बोर्ड लावला असता. (ठाणेकरांनो, रागावू नका. तुमचं मराठी ग्रंथसंग्रहालयही १८९३ चं आहे, मान्य!)

जमवणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र कल्याणहून फुटणारा प्रत्येक रस्ता म्हणजे वेगळ्या कागदांचा रस्ता. कर्जतच्या बाजूला गेलात की नेरळ. तिथून माथेरानची छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली ती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याच्या पैशांवर आणि त्यांच्या मुलाच्या, अब्दुल हुसेन यांच्या, हट्टावर. म्हणजे मालक इथलाच! त्याच कर्जतच्या रस्त्याने १ जून १९३० पासून डेक्कन क्वीन धावतेय. तिच्या जुन्या मेन्यूकार्डांवर, जाहिरातींवर जीव टाकणारे पुण्यात आणि मुंबईत भरपूर आहेत.

आणखी पुढे गेलात की कुर्डुवाडीची बार्शी लाइट रेल्वे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने १८९७ मध्ये सुरू केलेली, अडीच फूट रुंदीच्या रुळांची. पंढरीच्या वारकऱ्यांना तिने कित्येक वर्षं नेलं. पण कंपनी लंडनला नोंदलेली. १९५४ मध्ये सरकारने ती विकत घेतली. वारकऱ्याच्या खिशातलं तिकीट आणि लंडनच्या शेअरहोल्डरच्या कपाटातला शेअर, दोन्ही एकाच गाडीचे. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत तर काय फ्रेम होईल!

आणि आपली जी.आय.पी.? ती सरकारने १९०० सालीच विकत घेतली. पण सगळी किंमत रोख दिली नाही, वार्षिक हप्ते बांधून दिले. ९९ वर्षांचा मूळ करार १८४९ चा, त्यामुळे त्या हप्त्यांची मुदत होती १९४८ पर्यंत. म्हणजे स्वातंत्र्य मिळाल्यावरही वर्षभर त्या कागदाची मुदत संपलेली नव्हती. काकांकडे त्या काळातली एक छापील नोटीस आहे. ती दाखवून ते म्हणाले, "लोक म्हणतात इंग्रजांनी रेल्वे दिली. दिली नाही रे. विकली."

फ्रेम करायच्या आधी थांबा!

आता पैशांचं बोलू, कारण ट्रंक उघडली की घरात पहिला प्रश्न तोच येतो. "किती येतील?"

खरं उत्तर दोन भागांत. बंद पडलेल्या कंपनीचा शेअर म्हणजे शोभेचा कागद. त्याची किंमत वय, दुर्मिळता, सही, चित्र आणि कागदाची अवस्था यांवर ठरते. 'रातोरात लखपती' वगैरे विसरा. ऑनलाइन मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष विकली गेलेली किंमत यात ठाणे ते कसारा एवढं अंतर असतं.

पण कंपनी चालू असेल, किंवा दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली असेल, तर तो कागद अँटिक नाही, ती प्रॉपर्टी आहे! आपल्याकडे डीमॅट आलं १९९६ मध्ये. त्याआधी घेतलेले कागदी शेअर विसरून गेलेल्या आजी-आजोबांची संख्या कमी नाही. सात वर्षं सलग डिव्हिडंड कुणी घेतला नाही, तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार संरक्षण निधीकडे, म्हणजे आय.ई.पी.एफ.कडे जातात. तिथून ते परत मागता येतात, वारसांनाही. १ एप्रिल २०१९ पासून लिस्टेड कंपन्यांचे कागदी शेअर नुसते दुसऱ्याच्या नावावर करून विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. पण वारसाहक्काने नावावर करून घ्यायचा मार्ग खुला आहे.

हे सगळं मी इतक्या आत्मविश्वासाने सांगतोय, कारण त्या खाकी पाकिटामुळे गेलं वर्षभर मी हेच करतोय. पावतीवर फोलिओ नंबर होता, म्हणून कंपनीच्या रजिस्ट्रारकडे तपास करता आला. शेअर आहेत. अजून आजोबांच्या नावावर आहेत. पण मूळ सर्टिफिकेट नाही म्हटल्यावर पोलीस तक्रार, प्रतिज्ञापत्र, हमीपत्र, वारसाचे कागद... बाबांच्या आणि आत्याच्या सह्यांसाठी मी डोंबिवली-कल्याण-ठाणे इतक्या फेऱ्या मारल्यात की पास वसूल झाला. सर्टिफिकेट गोणीत गेलं नसतं तर यातलं निम्मं वाचलं असतं. एका ऑफिस कॉलची किंमत!

बाबा एकदाही काही बोलले नाहीत. आत्या मात्र बोलली. "तुझ्या आजोबांनी ओव्हरटाइमच्या पैशांतून घेतले होते रे ते."

शेवटचा पास

त्या पासांच्या गठ्ठ्यात एक कोडं होतं. आजोबा मार्च १९८४ मध्ये रिटायर झाले, हे घरात सगळ्यांना माहीत आहे, त्या दिवशीचा हारासकट फोटो भिंतीवर होता. पण गठ्ठ्यातला सगळ्यात वरचा पास एप्रिल १९८४ चा. डोंबिवली ते व्ही.टी., सेकंड क्लास, महिन्याचा.

मी काकांना दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला. "पास खरा आहे. माणूस रोज गेलाय. कडा बघ, नीट झिजल्यात. नुसता घेऊन ठेवलेला पास असा दिसत नाही."

रिटायर झालेला माणूस महिनाभर रोज व्ही.टी.ला कशाला जाईल?

आईला विचारलं. तिला आधी आठवेना. मग एकदम हसली. "भजन! त्यांच्या डब्यात भजनी मंडळ होतं ना. रिटायर झाल्यावर पहिले काही दिवस घरात नुसते बसून राहायचे, बोलायचे नाहीत. मग एक दिवस सकाळी पुन्हा डबा मागितला. म्हणाले, ग्रुपमध्ये टाळ वाजवायला कुणी नाही. महिनाभर जाऊन येत होते. सकाळच्या गाडीने जायचे, व्ही.टी.ला उतरायचे, चहा प्यायचे आणि परत यायचे."

घरात हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. विचारलंच नव्हतं ना कुणी. विचारायला तो कागद हातात असावा लागला.

शेअरचं काम होईल तेव्हा होईल, त्याचे पैसे तीन घरांत वाटले जातील. पासाचं मात्र ठरलंय. नव्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटचा ताबा मिळाला, की हॉलच्या भिंतीवर आधी तो लागणार. त्याच्या शेजारी कधीतरी जी.आय.पी.चा एखादा शेअर परवडला तर लावीन. नाही परवडला तरी चालेल. रेल्वे कुणाची होती ते सांगणारा एक कागद आमच्याकडे आहे.

तुम्हालाही ट्राय करायचंय?

* सुरुवात घरातून करा. माळा, ट्रंक, जुन्या पर्स, देवघराचा खण, आजीच्या पोथ्या. पोथीत खूण म्हणून ठेवलेली तिकिटं हमखास सापडतात.

* शेअर, बाँड, पोस्टाची सर्टिफिकेटं असं काहीही सापडलं, की आधी कंपनी चालू आहे का ते तपासा. फ्रेम नंतर. फोलिओ नंबर असलेली साधी पावतीही टाकू नका.

* लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्हींनी कागदाची वाट लागते. पावसाळ्यात दमट कपाट नको. कसर आणि वाळवी यांना जुना कागद फार आवडतो.

* थर्मल कागदावर छापलेलं तिकीट किंवा पावती काही वर्षांत कोरी होते (एटीएमची स्लिप आठवा). आजचं काही जपायचं असेल तर आधी स्कॅन करा.

* कागदामागे पेन्सिलीने हलक्या हाताने कुणाचा, कुठे सापडला, ते लिहा. त्याशिवाय तो नुसताच जुना कागद.

* ऐतिहासिक महत्त्वाचा आणि ७५ वर्षांहून जुना कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात बसू शकतो. असा कागद परवानगीशिवाय परदेशात पाठवता येत नाही. परदेशी गिऱ्हाईक मिळालं म्हणून लगेच कुरिअर करू नका.

* आणि रद्दीवाला दारात असताना ऑफिसचा कॉल घेऊ नका!